आरशातलं हिरवं पान

ही सृष्टी आठ दिवस जरी आमच्या साडूंच्या ताब्यात मिळाली असती, तरी त्यांनी चंद्राला उजेड कमी-जास्त करायचं बटण बसवलं असतं. विकत आणलेली वस्तू जशी आली तशी वापरणं त्यांना त्या वस्तूचा अपमान वाटतो. युसूफ वडगाव या गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तूंना वळण लावतात. त्यांची पाण्याची टाकी भरली की गच्चीवरच्या स्पीकरमधून कोंबडा आरवतो. पहिल्या दिवशी गल्लीतले खरे कोंबडे भरदुपारी त्याला उत्तरं देत बसले होते. आता शेजारी त्या आरवण्यावर आपापल्या पाण्याच्या मोटारी बंद करतात.

पण त्यांची खरी कमाल म्हणजे बैठकीतला आरसा. भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी काळसर काच चढवली, मागे तळहाताएवढं यंत्र जोडलं, आणि आपलं तोंड बघता बघता काचेत दिवसभराच्या कामांची यादी दिसू लागली. सकाळची वंदना, दूध, गॅस नोंदवणे. पहिल्याच आठवड्यात मेव्हणीबाईंची तक्रार आली, "टिकली लावाया गेलं की कपाळावर गॅस सिलिंडर उमटतंय." साडूंनी यादी डाव्या कोपऱ्यात सरकवली, अक्षरं मोठी केली, रंग तीनदा बदलला. मोबाइलवर बोट टेकवलं की झालेल्या कामावर आडवी रेघ पडायची. ती रेघ पडताना साडूंचा चेहरा असा फुलायचा की मला माझ्या आळसाची लाज वाटायची.

आणि एक दिवस त्यांच्या आई, कौसाबाई, पिशवी भरून धाकट्या लेकाकडे लिंबागणेशला निघून गेल्या. कारण सांगितलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. साडूंचं जेवणावरून लक्ष उडालं. रविवारी मला बरोबर घेऊन ते लिंबागणेशला गेले. म्हातारीनं चहा दिला, बराच वेळ पदराशी चाळा केला, आणि मग म्हणाली, "बापू, मी हाय की अजून. मंग रोज सकाळी माज्या नावावर काट कावून मारतो?"

प्रौढांच्या वर्गात कौसाबाई एकच गोष्ट पक्की शिकल्या होत्या, ती म्हणजे स्वतःचं नाव. साडूंनी यादीत मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'कौसाबाई : बीपीची गोळी'. गोळी दिली की रेघ. म्हातारीला काचेत दिसायचं ते फक्त आपलं नाव आणि त्यावरची काट. अशी काट तिनं एकदाच पाहिली होती, नवरा गेल्यावर रेशनकार्डात.

मला वाटलं, साडू समजूत घालतील, नाहीतर हसतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. "चुकलं माजं, आई. काय करू मंग?" म्हातारी म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे. बाजूला कायतरी हिरवं लाव."

दुसरा कोणीही आईचं नाव यादीतून काढून मोकळा झाला असता. साडूंनी काट मारायची रीतच काढून टाकली. ते काम म्हणे सोपं नव्हतं. रेघ पुसली की यादी गायब, यादी आणली की रेघ हजर. मध्ये काही दिवस तर आरसा नुसता काळाकुट्ट. शेवटी जमलं. आता कुठलंही काम झालं की ओळ तशीच राहते आणि शेजारी पिंपळाचं हिरवं पान उगवतं. अंगणातल्या पिंपळाचंच पान, फोटो काढून घातलेलं. कौसाबाई परत आल्या. रोज सकाळी गोळी गिळून त्या आरशासमोर उभ्या राहतात, पान आलेलं बघतात आणि मगच चहाला बसतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माणसाच्या हातून याहून मोठं काम होत असेल असं मला वाटत नाही.

परवा साडू बीडला आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याकडंबी बसवू एक आरसा. पहिलं नाव कुणाचं घालू?"

माझी आई गेल्यावर रेशनकार्डातल्या तिच्या नावावर एका कारकुनानं पट्टी धरून लाल रेघ ओढली होती. ती रेघ किती सरळ होती, ते मला तेव्हा आठवलं. मी म्हणालो, "आईचं घाला. पुढं काम काही लिहू नका."

साडू खिशातून टेप काढून भिंत मोजायला लागले.