खंदकातली चकती

आमच्या नेमबाजी क्लबात एक गृहस्थ असे आहेत, की एकवीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून गोळ्या जाताहेत आणि त्यांनी स्वतः एकदाही बंदूक हातात धरलेली नाही. आम्ही त्यांना मार्करकाका म्हणतो. आम्ही हौशी मंडळी दोनशे मीटर अलीकडे गाद्यांवर पालथी पडून नेम धरतो, आणि काका पलीकडे, निशाणांच्या बरोबर खाली, पुरुषभर खोल काँक्रीटच्या खंदकात उभे असतात. गोळी सुटली की ते दोरीने निशाणाचं कार्ड खाली ओढतात, भोक कुठे पडलंय ते बघतात, आधीच्या भोकावर कागदी टिकली चिकटवतात आणि कार्ड वर सोडतात. मग काठीच्या टोकाची लाल चकती खालून वर येते आणि भोकावर टेकते. नेम पार हुकला असेल तर चकतीऐवजी पिवळं फडकं हलतं. त्या फडक्याने भल्याभल्यांची तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत, त्यात माझंही आलं.

गोळीबार चालू असल्याचा लाल बावटा वर असेपर्यंत खंदकातून डोकं वर काढायचं नाही, हा नियम. तहान लागो, पाय भरून येवोत, बावटा उतरेपर्यंत माणूस तिथेच. एकदा आमच्यापैकी कुणाची तरी बंदूक अडकली आणि ती सोडवण्याच्या नादात आम्ही काकांना तासभर विसरलो. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आज निवांत होतं."

त्यांच्या गुडघ्यांची हकिगत मला काकूंकडून कळायची. माझं औषधांचं दुकान आहे. काकू मलमाची ट्यूब न्यायला यायच्या आणि काउंटरला टेकून म्हणायच्या, "आता वर घ्या हो त्यांना. चार पायऱ्या चढताना भिंत धरतात." मी मान डोलवायचे. काका स्वतः महिन्यातून एकदा वेगळे यायचे, डोळ्यांच्या थेंबांसाठी. काचबिंदूवरचे थेंब. "घरी आणि क्लबात बोलू नका, ताई," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गिऱ्हाइकाचं औषध ही चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नाही, म्हणून मी शब्द दिला. दिला आणि विसरून गेले.

यंदा सचिवांच्या डोक्यात स्कोप आला. सचिव दातांचे डॉक्टर आहेत, एखादी गोष्ट उपटायची ठरवली की उपटतातच. स्कोप म्हणजे तिकाटण्यावर ठेवायची एका डोळ्याची दुर्बीण. तिच्यातून गादीवरूनच कार्डावरचं भोक दिसतं. डॉक्टरांचा बेत साधा होता: खंदकात कुणी उभं राहायला नको. काकांनी वर सावलीत खुर्चीवर बसायचं, स्कोपमधून बघून नेम सांगायचा, आणि बावटा उतरला की क्लबाच्या माळ्याने जाऊन कार्डं बदलायची. काकांनी ऐकून घेतलं आणि टिकल्यांची डबी खिशात टाकली. पण दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या त्या मलम न घेताच गेल्या, इतक्या खुशीत होत्या.

खरेदी माझ्या गळ्यात पडली, कारण दुकानदाराशी हुज्जत घालण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही असा क्लबाचा समज आहे. मी आठवडाभर त्यातच बुडाले होते. खोक्यावर साठपट लिहिलेलं असतं, पण स्वस्तातल्या स्कोपमध्ये तीसपटीच्या पुढे गेलं की सगळं दुधात बुडल्यासारखं दिसतं. पुढची काच रुंद असली की उजेड जास्त येतो आणि काळ्या भागातलं भोकसुद्धा उठून दिसतं, मात्र किंमतही तितकीच उठून दिसते. पालथं पडून बघणाऱ्याला तिरक्या नळीचा बरा, मान मोडत नाही. तिकाटणं लटपटीत असेल तर वरची काच कितीही भारी असो, काही उपयोग नाही. शेवटी दुकानदाराने तीन स्कोप एका दिवसासाठी दिले: एक लहान, एक मधला आणि एक मोठा. लहान दोन घेतले तरी मोठ्या एकापेक्षा स्वस्त पडत होते. क्लबाची ऐपत तेवढीच होती, पण डॉक्टर म्हणाले, "काकांना बघू द्या. वापरणार तेच आहेत."

रविवारी सकाळी मी पाच गोळ्या झाडल्या. काकांनी खाली पाचही भोकं बघितली आणि मुद्दाम टिकल्या न लावता कार्ड वर सोडलं. बावटा उतरला. काका भिंत धरून वर आले आणि हळूहळू दोनशे मीटर चालत आमच्याकडे निघाले. खाली माळी थांबला होता. इतक्या वर्षांत त्याच्या कानावर एकच गोष्ट पडलेली: भोक दिसलं की टिकली लावायची. काकांची पाठ वळल्यावर त्याने इमानेइतबारे कार्ड खाली ओढलं, पाचही भोकं बुजवली आणि कार्ड पुन्हा वर सोडलं. इकडे आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

काका लहान स्कोपजवळ बसले. डोळा लावला. बराच वेळ तसेच होते. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन दहात, बरोबर मधल्या वर्तुळात. एक नवात, डावीकडे. एक आठात, खाली. आणि एक पार सातात, उजव्या अंगाला."

"वा," डॉक्टर म्हणाले. "मग मिटलं की." तेवढ्यात कुणा पेशंटचा फोन आला आणि ते बोलत झाडाखाली गेले.

मला माझा तो सातातला नेम बघायची खुमखुमी आली. मी वाकले, डोळा लावला. कार्ड स्वच्छ होतं. भोक एकही नव्हतं, टिकल्यांच्या कडा मात्र मला मोजता येत होत्या. आधी वाटलं, मीच चुकीच्या कार्डाकडे बघतेय. मग ते थेंब आठवले. काका खाली बघितलेलंच आठवून सांगत होते. इतकी वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचतेय, पण ते थेंब आणि ही खुर्ची यांची सांगड घालणं मला जमलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी तोंड उघडायच्या आत काका सरकून मोठ्या स्कोपकडे गेले होते. त्यात त्यांनी डोळा लावला. त्यातून त्यांना दिसत होतं. कोरं कार्ड दिसत होतं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी कुठल्या स्कोपपाशी वाकलेय तेही पाहिलं.

डॉक्टर परत आले. मी घाईघाईने म्हटलं, "डॉक्टर, मोठाच घेऊ. टिकेल तरी."

"कशाला? काकांना लहानात सगळं दिसतंय. तुम्हाला नाही दिसत?"

दिसतंय म्हणावं तर मोठा कशाला हवा? नाही म्हणावं तर ते स्वतः वाकून बघणार, कोरं कार्ड त्यांनाही दिसणार. आणि थेंबांचं खरं सांगावं तर दिलेला शब्द मोडणार, आणि डोळे गेलेल्या मार्करला क्लब खंदकात तरी ठेवील याची काय खात्री? माझी हुज्जत घालायची सगळी हुशारी तिथे आटली. मी म्हटलं, "दिसतंय."

"लहानच घ्या, डॉक्टर," काका म्हणाले. "दोन येतील. मंडळी स्वतःच बघतील. मी आपला खालीच बरा. वर ऊन लागतं मला."

"अहो, सावलीत बसायचंय!"

"सवय नाही हो आता," असं म्हणून काका उठले आणि गुडघा चोळत परत खंदकाकडे चालू लागले. माळ्याला ते एका शब्दाने बोलले नाहीत.

काकू पुन्हा मलम न्यायला येऊ लागल्या. "ऊन लागतं म्हणे," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं कुठे होतं हे ऊन?" मी उरलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही.

स्कोप उत्तम निघाले. गोळी सुटली की मंडळी मान वळवून डोळा लावतात, हळहळतात नाहीतर खूश होतात, आणि पुढची गोळी भरतात. कार्ड खाली जाऊन येतं, चकती वर येऊन टेकते, पण तोवर सगळ्यांचं बघून झालेलं असतं.

गेल्या रविवारी माझी पहिलीच गोळी सरळ दहात गेली. स्कोपमध्ये भोक लख्ख दिसलं. चकती वर आली आणि खाली सहाच्या वर्तुळात टेकली. मला वाटलं, काठी घसरली असेल. दुसरी नवात, चकती तिथेच, सहात. तिसरी पुन्हा दहात गेली आणि खालून पिवळं फडकं हलायला लागलं. शेजारच्या गादीवर डॉक्टर होते. त्यांच्या कार्डासमोरही तेच फडकं हललं. त्यांनी स्कोपमध्ये बघितलं, "नऊ," असं पुटपुटले आणि बंदूक भरली.

खंदकात एक फोन आहे, त्याला जोडलेला दुसरा आमच्या गाद्यांपाशी. मी तो उचलला.

"काका, चुकीचं दाखवताय."

ते म्हणाले, "कुणी बघतंय का, तेवढंच बघत होतो, ताई. तिसरा रविवार आहे हा."

बावटा वर होता, अजून दीड तास तो उतरणार नव्हता. मी म्हटलं, "मी बघतेय."

"बरं," काका म्हणाले. फोन ठेवल्याचा आवाज आला आणि लाल चकती वर येऊन दहावर टेकली.