जोडून देणारी

एमिलीताई घरातसुद्धा ड्युटीवर असल्यासारखा फोन उचलतात. "गुड इव्हिनिंग, धिस इज एमिली, हाऊ मे आय हेल्प यू?" आणि पलीकडे असतो खालच्या ग्रोसरीतला यूनुस, दही संपलंय एवढंच सांगायला. बिचारा दर वेळी गडबडतो. एकदा तर "सॉरी, राँग नंबर" म्हणून त्याने फोन ठेवून दिला आणि त्या दिवशी आमची कढी राहिली.

दुबईच्या देरा भागात आमचा फ्लॅट एक, पण बिऱ्हाडं दोन. मोठ्या खोलीत मी, माझा नवरा वासुदेव आणि मुलगी अस्मी. दुसऱ्या खोलीत वसईजवळच्या भुईगावच्या एमिली तुस्कानो आणि त्यांच्याबरोबर नेपाळची सावित्रा खड्का. दोघी एकाच हॉटेलात. सावित्रा तिथे खोल्या आवरते, एमिलीताई टेलिफोन ऑपरेटर आहेत. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, त्यामुळे कोणाकडे काय शिजतंय हे कोणापासून लपत नाही. मला तशीही लपवालपवी जमत नाही, तोंडावर बोलून मोकळी होते.

एमिलीताई तरुणपणी दुबईत आल्या त्या थेट हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या आणि आजही तिथेच आहेत. मालक बदलले, हॉटेलचं नाव बदललं, ह्यांची खुर्ची तीच. कानामागे बॉलपेन, गळ्यात क्रूस, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने आधी हो म्हणावं आणि मग कशाला ते विचारावं. लग्न केलं नाही. का, ते मी न विचारता राहणार नव्हतेच. तर म्हणाल्या, "लाइन बिझी होती, उर्मिला." वर हसल्या, म्हणजे विषय खलास.

त्यांचा एक नियम आहे. ऑपरेटरने लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. हा नियम त्या घरातही पाळतात. ठाण्याहून माझ्या आईचा फोन आला आणि चुकून त्यांनी उचलला, तर माझ्या हातात देऊन अर्धा चहा तसाच टाकून खोलीबाहेर जातात. मी म्हणते, "अहो बसा, आई तुमचीच चौकशी करतेय." पण त्या थांबत नाहीत. सुरुवातीला मला हा शिष्टपणा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

इंटरनेटवर मात्र त्यांचा दात. "माझ्या टायमाला बोर्डावर आम्ही चौघी होतो. आता मी एकटी, तीपण हाफ डे माश्या मारते. गेस्ट रूममधून मेसेज टाकतात, टॉवेल. प्लीज नाय, थँक यू नाय, नुसतं टॉवेल! हबीबी, मी काय धोबी आहे?" त्यामुळे त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन. अस्मी त्यांना चिडवायची, "आंटी, यू आर लिटरली अ म्युझियम." त्यावर त्या हात पुढे करून म्हणायच्या, "म्युझियमला तिकीट असतं, बेटा. काढ."

हे सगळं मजेत चाललेलं असताना सप्टेंबरात नेपाळ पेटलं. तिथल्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, मेसेंजर, सगळं एका फटक्यात बंद केलं. पोरं आधीच भ्रष्टाचारावर चिडलेली होती, ती रस्त्यावर उतरली. काठमांडूत गोळ्या चालल्या. सावित्राचा धाकटा भाऊ निश्चल तिथेच कॉलेजात शिकत होता. त्याचा मेसेंजर बंद, आणि साधा नंबर लावला तर तोही बंद. त्याच्या मित्रांची नावं सावित्राला पाठ होती, पण नंबर एकाचाही नव्हता, कारण सगळे मेसेंजरवरच भेटायचे. दोलख्याकडच्या डोंगरात राहणाऱ्या आईला, म्हणजे आमाला, तिने फोन केला. आमाकडे साधा फोन होता. ती रडत उलट हिलाच विचारत होती, "तू परदेशात, तुझ्याकडे मोठा फोन, तुला काय दिसतंय ते सांग." सावित्राला काहीच दिसत नव्हतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली, आणि मी गॅस बंद करून तिच्याशेजारी बसले.

एमिलीताई ड्युटीवरून आल्या. पर्स टेबलावर ठेवली, कानामागचं पेन काढलं.

"कॉलेजचं नाव काय?"

"दिदी, आज कॉलेज बंद होगा," सावित्रा म्हणाली.

"कॉलेज बंद असेल, वॉचमन नाय. अस्मी, विचार तुझ्या त्या गुगलला. त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

अस्मीने नंबर काढून दिला आणि एमिलीताई खुर्चीत ताठ बसल्या. "नमस्ते, दुबई से लाँग डिस्टन्स बोल रही हूँ." वॉचमनने उचलला. त्याने हॉस्टेल सांगितलं, हॉस्टेलवाल्याने खानावळ, खानावळवाल्याने कोणाला तरी हाक मारली. मध्येच एकाने वैतागून फोन आपटला, तर ह्यांनी पुन्हा लावून त्याचेच आभार मानले. शेवटी पलीकडून एक घोगरा आवाज आला. एमिलीताई म्हणाल्या, "वन मोमेंट प्लीज, आपकी सिस्टर लाइन पर है." फोन सावित्राच्या हातात दिला आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या.

निश्चल धडधाकट होता. पळापळीत हात खरचटला होता आणि फोन कुठेतरी पडला होता, एवढंच. सावित्रा आधी रडली, मग त्याला एवढं झापलं की नेपाळी येत नसूनही मला सगळं कळलं. मी बाल्कनीत जाऊन एमिलीताईंना सांगितलं, "आहे पोरगा." त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगते? प्रायव्हेट कॉल आहे." पण डोळे पुसत होत्या.

पुढे तिथलं सरकार पडलं, बंद केलेलं सगळं पुन्हा सुरू झालं. पोरांनी म्हणे इंटरनेटवरच जमून पुढे देश कोणी चालवावा ते ठरवायला घेतलं. सावित्रा रोज नवी बातमी आणायची. त्यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली म्हणजे, आमाने इंटरनेटवाला फोन मागितला. ते दिवस तिला नुसत्या दुसऱ्यांच्या तोंडच्या अफवांवर काढावे लागले होते. आता तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एकटी तीच नाही, गावातल्या बऱ्याच बायकांनी पोरांकडे हाच हट्ट धरला होता. निश्चलने सणाला घरी जाताना तिच्यासाठी फोन नेला.

"झालं," एमिलीताई म्हणाल्या, "म्हातारीला पण लागलं वेड."

पण सावित्राचं त्यात एक मोठं काम अडकलं होतं. दसऱ्याला त्यांच्याकडे घरातली वडीलधारी माणसं कपाळावर टिळा लावतात, तांदूळ, दही आणि लाल रंग कालवून, आणि जवाचे कोवळे अंकुर कानावर खोचून आशीर्वाद देतात. ती दुबईला आल्यापासून तिच्या कपाळाला आमाचा टिळा लागला नव्हता. यंदाही रजा मिळाली नाही. मात्र आता आमाकडे फोन होता. "इस बार आमा का मुँह देखके टीका लूँगी," ती सगळ्यांना सांगत सुटली. मी म्हटलं, "अगं, टिळा काय पडद्यातून येणार?" ती म्हणाली, "दिदी, आमा उधर लगाएगी, आप इधर लगाना." आता ह्याला मी नाही कशी म्हणणार? माझा घट बसलेलाच होता. नर्सरीतली पिशवीभर माती आणून मी धान्य पेरलं होतं. ते बघून सावित्रा हरखली, म्हणाली हेच आमचं जमरा.

अडचण निघाली ती वेगळीच. इथे दुबईत व्हॉट्सॲपवर कॉल करता येत नाही, म्हणून आम्ही सगळे बोटिम नावाचं ॲप वापरतो. तेच आमाच्या फोनवर घातलं. पहिल्या संध्याकाळी व्हिडिओ लागला, सावित्रा पदर सावरून बसली, आणि पडद्यावर दिसला एक कान. सुरकुतलेला, सोन्याची जाड रिंग असलेला. आमाने फोन कानाला लावला होता. सावित्रा ओरडली, "आमा, मुख! मुख!" तर तिला ऐकू येत नसेल असं वाटून आमाने फोन आणखी घट्ट दाबला. मग पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी कान. तिसऱ्या दिवशी हनुवटी, आणि पुन्हा कान. निश्चल घरी असला की धरून दाखवायचा, पण त्याने फोन तिच्या हातात सोडला की आमाचा हात आपोआप वर जायचा. अस्मी हसून लोळायची. एमिलीताई मात्र चिडल्या. "हसायला काय झालं? टेलिफोन कानालाच लावतात. तिचं काय चुकलं? तोंडासमोर धरतात तो आरसा."

दसऱ्याच्या दिवशी एमिलीताईंनी स्वतःची शिफ्ट बदलली आणि हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरशी त्या आवाजात बोलून सावित्राचीही बदलून घेतली. वासुदेव रास अल खोरला कामावर, अस्मी शाळेत. घरात आम्ही तिघीच. मी श्रीखंड केलं होतं. सावित्रा लाल साडी नेसून, केस धुऊन, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसली. टिळ्याचा मुहूर्त जवळ आला. निश्चलने लाइन लावून दिली आणि मामा बोलावतोय म्हणून तो पळाला. पडद्यावर कान.

सावित्राने आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग तिला रडूच फुटलं. हिचं रडणं ऐकून तिकडे आमाही घाबरली आणि फोन कानाशी आणखी दाबून "के भयो, के भयो" करत काय झालं ते विचारायला लागली. मुहूर्त टळत होता. मला त्या फोनचा असा राग आला की उचलून फेकावा. एवढ्यात एमिलीताई पुढे आल्या. सावित्राच्या डोक्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि बोलल्या, अगदी सावकाश, जणू बोर्डावरच बसल्या आहेत.

"नमस्ते, माताजी. मैं एमिली, दुबई से. आपकी बेटी ठीक है. आप बाल बनाती हैं ना? आईना किधर पकडती हैं? हाँ. फोन वैसे पकडिए."

कान हळूहळू दूर गेला. छत दिसलं, मक्याची कणसं टांगलेली दिसली, आणि मग पूर्ण पडदाभर एक गोल, थकलेलं, सावित्रासारखंच चपटं नाक असलेलं तोंड. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मी ताट घेऊन उभी होते, मलाही काही दिसेनासं झालं. मागे वळले तर एमिलीताई जागेवर नव्हत्या. आत नळ सुरू झाला, घासलेला कुकर पुन्हा घासायला घेतला होता.

आमाने बोटांनी टिळा उचलला आणि सरळ पडद्यावर लावला. आमच्या बाजूला सगळं लालच लाल झालं. त्या लालातून तिचा आशीर्वाद ऐकू येत होता, लांबलचक, मध्येच हुंदका. सावित्राने कपाळ पडद्याला टेकवलं. मग मी माझ्या ताटातला टिळा तिला लावला, घटातले अंकुर तिच्या कानावर खोचले. असा दसरा मी माझ्या माहेरीही पाहिला नव्हता.

आमाने पदराने पडदा पुसला. पुन्हा तिचं तोंड दिसलं. ती सावित्राला काहीतरी विचारत होती, इकडेतिकडे बघत, जणू मान वळवली की आमचं स्वयंपाकघर तिला दिसणार होतं.

"दिदी!" सावित्राने हाक मारली. "आमा आपको पूछ रही है. बोलती है, वो जोडनेवाली बहिनी कहाँ गई? उसको भी टीका देना है."

"नाय, नाय," आतून आवाज आला. "मी ऑपरेटर आहे. तुम्ही बोला."

मी आत जाऊन नळ बंद केला. "एमिलीताई, तुमचा फोन आहे," मी म्हटलं.

त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या. गडबडल्या होत्या, यूनुस गडबडतो तशा. सावित्राने फोन हातात दिला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने एमिलीताईंनी तो उचलून थेट कानाला लावला. "येस, माताजी? एमिली स्पीकिंग."

सावित्रा "मुख, दिदी, मुख!" म्हणून ओरडली. पण पलीकडून आमाचं हसू ऐकू आलं, खो खो, डोंगरातल्या बाईचं मोकळं हसू. तिने काही फोन खाली घ्यायला लावला नाही. समोर कान दिसत होता, त्यालाच तिने टिळा लावला. मीही मग ताटातला टिळा घेऊन त्यांच्या कानाच्या पाळीला लावला आणि जिथे बॉलपेन असतं तिथे अंकुर खोचले.

एमिलीताई फोन तसाच कानाशी धरून उभ्या होत्या. आशीर्वाद नेपाळीत होता, त्यातला शब्द तरी त्यांना कळला असेल की नाही कोण जाणे. पण संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग गळ्यातला क्रूस हातात घट्ट धरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उर्मिला, एवढी वर्षं लोकांनी माझ्याकडे कोणा ना कोणाला मागितलं. मला कोणी मागितलं नव्हतं गं."

त्या दिवशी लाइन त्यांनी जोडली आणि तिच्यावर राहिल्याही. आमाने मोडक्या हिंदीत त्यांना गाव कुठलं ते विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. श्रीखंड तसंच राहिलं, आणि मी कोणालाही जेवायला हाक मारली नाही.