सात नंबरच्या खोलीतली बेल

शामूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर बाजरी वाळत घालत होते. फोनवर त्यांच्या पत्नी, मार्थावहिनी. रडत नव्हत्या. "ताई, जेवून उठले, भिंतीला हात टेकवला अन् तसेच खाली बसले," एवढंच म्हणाल्या. महिना होऊन गेला, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही... कारण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांचा हात भिंतीलाच होता.

शेवगावकडच्या आमच्या दवाखान्यात मी नवजात बाळांच्या वॉर्डची सिस्टर होते आणि शमुवेलभाऊ इमारतीचे इंजिनीअर. लाइट, पाणी, जनरेटर, ऑक्सिजनची पाइपलाइन, सगळं त्यांच्याकडं. सगळे त्यांना शामूभाऊच म्हणत. डॉक्टर राउंडला निघत तसे तेही निघत, फक्त पेशंटऐवजी भिंतींकडं बघत आणि तळवा भिंतीवरून फिरवत. नव्या नर्स हसायच्या. ते म्हणायचे, "इमारत बी आजारी पडायच्या आधी कण्हती, ताई. आपल्याला ऐकू येत न्हाई, इतकंच."

ती मे महिन्यातली दुपार होती. आमच्या वॉर्डला लागून सात नंबरची खोली होती. भिंतीत ओल आली म्हणून ती वर्षभर बंद होती. तिथली शेवटची पेशंट एक म्हातारी, बेलचं बटण हातात धरूनच गेलेली. त्या दुपारी माझ्या टेबलासमोरच्या पाटीवर सात नंबरचा दिवा लागला आणि बेल वाजली. मी किल्ली घेऊन गेले, कुलूप काढलं. आत गुंडाळलेली गादी, बंद खिडकी आणि खिळ्याला टांगलेलं बेलचं बटण. मी बघत असतानाच टेबलाकडची बेल पुन्हा वाजली. बटण हललंसुद्धा नाही. मी कितीतरी माणसांचे डोळे मिटलेत, पण त्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडेना. मागून आमच्या आयाबाई, कौसाबाई, हळूच म्हणाल्या, "म्हातारीला पानी पायजे असंल..."

मी शामूभाऊंना बोलावलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. आत गेले, भिंतीला तळवा लावला आणि तसेच सरकत सरकत बाळांच्या वॉर्डच्या बाजूला आले. एका जागी हात झटक्यानं मागं घेतला. वर छताकडं तोंड करून वास घेतला.

"मोठी केबल अन् बेलची वायर कुनीतरी एकाच पायपात घातलीय. मोठी तापलीय, बारकीचं रबर वितळलंय. बेल कुनी मानूस दाबत न्हाई ताई... भिंत दाबतीय. बाळं बाहेर काढा."

वॉर्डात उबेच्या वॉर्मरवर सात बाळं होती, त्यातली दोन ऑक्सिजनवर. त्या दोघांतलं एक तर ओंजळीएवढं. मोठ्या डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "वॉर्मरवरची बाळं हलवायची? काहीतरीच काय सिस्टर! मी तासाभरात येतो, तोवर कुणी काही करू नका." हलवताना एखादं दगावलं असतं, तर ते माझ्या माथी आलं असतं. मी शामूभाऊंना विचारलं, "तुमची खात्री आहे?"

"न्हाई," ते म्हणाले, "पन माझं लेकरू मी इथं ठेवलं नसतं."

मी बाळांच्या आयांना हाक मारली. एकेक बाळ उघड्या छातीशी धरून, वरून पदर घेऊन बायका समोरच्या इमारतीत निघाल्या. त्या ओंजळीएवढ्या बाळाबरोबर छोटा सिलेंडर उचलून मी धावले, ऑक्सिजनवरच्या दुसऱ्याबरोबर कौसाबाई. परत आले तेव्हा शामूभाऊ ऑक्सिजनचा वॉल्व बंद करत होते. मग त्यांनी मेनचे फ्यूज काढले. पंखे थांबले, सगळे दिवे गेले. इतकी शांतता मी त्या वॉर्डात कधीच ऐकली नव्हती... आणि त्या शांततेत सात नंबरची बेल वाजली. एकदाच, लांब.

त्यांच्या हातात फ्यूज होते. "चला," ते म्हणाले.

आम्ही अंगणात पोचतो तोच छतातून काळा धूर सुटला. जळतं प्लॅस्टिक रिकाम्या वॉर्मरवर गळत होतं. वाळू मारून, भिंतीवरची अग्निशामक नळकांडी रिकामी करून आग विझवली. सातही बाळं वाचली. ते ओंजळीएवढं आता दप्तर घेऊन शाळेत जातं. मोठे डॉक्टर आले, जळकं छत बघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शामूभाऊंना दवाखान्याची प्रत्येक भिंत उघडायची मुभा दिली.

त्या शेवटच्या बेलबद्दल मी एकदाच विचारलं. म्हणाले, "मेन काढलेला हुता. मला न्हाई म्हाईत, ताई." पण त्यानंतर त्या खोलीसमोरून जाताना ते पायातल्या चपला काढायचे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात त्यांची शोकसभा होती. सभेनंतर त्यांच्या जागी आलेल्या कदमबाई मला प्रसूतिगृहाबाहेरच्या बोळात घेऊन गेल्या. तिथं छताची फळी उतरवलेली होती. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं शामूभाऊंचं वळणदार अक्षर: 'हितून पुढं माझा हात पोचत न्हाई. पुढच्यानं बघावं.'

"सभेआधीच दिसलं," कदमबाई म्हणाल्या. "तुम्ही असताना बघावं म्हणून थांबले."

त्या शिडीवर चढल्या. त्यांचा लांब हात खांद्यापर्यंत आत गेला. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं, मला फक्त पाठ दिसत होती. ती पाठ एकदम ताठ झाली.

"सिस्टर," त्या वळून न बघताच म्हणाल्या, "गरम आहे."

या वेळी मी खात्री आहे का विचारलं नाही. आत प्रसूतिगृहात दोन बायका कळा देत होत्या. मी दार ढकललं.