भागीबाईच्या पायातला नारू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि आता तो नाही, म्हणजे ती संधीही गेली. मुलीला नाही. ज्यांच्या शेजारी बसून उभा जन्म सूक्ष्मदर्शकात डोळा घालून काढला, त्या सहकाऱ्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल कदाचित.

मी डॉक्टर आहे, पण दवाखाना कधी चालवला नाही. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवलं — माणसाच्या अंगात शिरून त्याच्यावरच जगणारे जंतू आणि कृमी. मलेरिया, हत्तीरोग, हुकवर्म. आणि नारू. तरुण असाल तर नारू म्हणजे काय हेही तुम्हाला ठाऊक नसेल. तो आपल्याकडून गेला, बरं झालं. घाण पाण्यातून पोटात जायचा, वर्षभर आतल्या आत वाढायचा, आणि मग बहुतेक वेळा पायावर फोड येऊन त्यातून डोकं बाहेर काढायचा. शेवयीएवढा जाड, पांढरा, हातभर लांब किंवा त्याहूनही जास्त. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, हलक्या हाताने, ओढत राहायचं. आठवडे लागायचे. तुटला तर आत राहिलेला भाग सडतो. पाय सुजतो, पू होतो, कधी सांधा कायमचा धरतो.

हे मला तोंडपाठ होतं. मीच ते शिकवायचे.

नोकरीला नुकतीच लागले होते तेव्हाची गोष्ट. सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावर नारूचे रुग्ण होते. माझं पहिलं संशोधन तिथलंच. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गावच्या शाळेत मुक्काम केला होता. पायऱ्या उतरून पाणी भरायची एकच विहीर — लोक त्यातच पाय घालून उभे राहायचे, तेच पाणी प्यायचे. विहिरीत फोडाचा पाय बुडवू नका, पाणी गाळून प्या, हे आम्ही घरोघर सांगत फिरत होतो.

भागी तिथेच भेटली. माझ्याच वयाची असेल. दोन लहान मुलं, काटक अंग, आणि बोलायच्या आधी हसायची सवय. तिच्या डाव्या घोट्यापाशी नारू होता आणि तो फार छान निघत होता — छान! बघा, आम्ही असंच बोलायचो. शाळेच्या ओट्यावर ती पाय लांब करून बसायची आणि मी तिच्या पायावर विद्यार्थ्यांना शिकवायचे. काडी कशी धरायची, किती ओढायचं, कुठे थांबायचं. तिने त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. एकदा फक्त विचारलं होतं, हा पुरा निघेल ना? मी हो म्हणाले होते.

आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात नारूचा एकही अखंड नमुना नव्हता. बरणीत होता तो तुकडा. मला अख्खा हवा होता. खाली माझ्या नावाची चिठ्ठी हवी होती. आमचे विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येणार होते आणि त्यांच्याबरोबर आमची जीप परत जाणार होती. भागीचा नारू निघायला अजून बरेच दिवस लागले असते. तोपर्यंत तिथे थांबायचं म्हणजे — नाही, काही कठीण नव्हतं. थांबता आलं असतं. मला थांबायचं नव्हतं.

त्या दिवशी विद्यार्थी पाण्याचे नमुने आणायला विहिरीवर गेले होते. मी भागीला ओट्यावर बसवलं. म्हणाले, तिकडे तोंड कर, हलू नकोस. तिने तोंड फिरवलं. मी ओढायला लागले. बोटभर झालं. थांबायला हवं होतं. आणखी ओढला. सहज येत होता — आणि मग अडकला. रबर ताणलं जावं तसा तो माझ्या बोटांत ताणला गेला. मला कळलं होतं का? हो. पुढे काय होणार हे मला स्पष्ट कळलं होतं. तरी मी आणखी एकदा ओढलं.

आवाज झाला नाही. नुसता हात हलका झाला. आतलं टोक आत गेलं.

भागीने दात आवळून घेतले होते, पण पाय हलवला नव्हता. झालं का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, उद्या बघू. कापूस आणि रिकामी काडी ठेवून फडकं बांधलं, वर गाठ घट्ट मारली. हातातला तुकडा कापसात गुंडाळून शाळेमागच्या चुलीत टाकला.

दुपारी मी तिला डोक्यावर हंडा घेऊन विहिरीकडून येताना पाहिलं. विहिरीवर जायचं नाही असं तिला बजावलेलं होतं. आणि मला — हेही सांगायलाच हवं — मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर, पाहुण्यांसमोर, मुलांसमोर मी फडकं सोडलं. पाय लाल, टम्म सुजलेला. काडी नुसतीच. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भागीकडे पाहिलं.

“काल विहिरीवर गेली होतीस?”

“गेले होते बाई. पाण्यात नाय उतरले. वरच उभी होते, जावेनं हंडा भरून दिला.”

“फडक्याला झटका लागला असेल.”

तिने आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, “लागला असंल.”

संपलं. सर मुलांकडे वळून म्हणाले की रुग्णाने ऐकलं नाही तर उपचार असा वाया जातो. मुलांनी मान डोलावली. दुपारी आम्ही जीपने निघालो.

तिला ताप आला, घोट्यात पू झाला, बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं — हे मला तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून नंतर कळलं. घोटा धरला तो धरलाच. सासरी सगळे तिलाच बोलत होते, डॉक्टरीणबाईंनी इतकं समजावूनही हिने ऐकलं नाही म्हणून. मी काय केलं? काही नाही. माझा लेख छापून आला. त्यात एका रुग्णाच्या बाबतीत ‘निष्काळजीपणामुळे’ कृमी तुटला, असं एक वाक्य आहे.

इथवर तुम्ही म्हणाल, तरुण होती, घाबरली. पण पुढचं ऐका. मी ही गोष्ट वर्गात सांगायला लागले. प्रत्येक तुकडीला. आधी नुसतं उदाहरण म्हणून. मग त्यात रंग भरत गेले. भागीचं चालणं, तिचं ‘नाय’ म्हणणं, खोटं पकडल्यावर खाली घातलेली मान — सगळं करून दाखवायचे. वर्ग हसायचा. नारू गेला, अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरता उरला, तरी माझी गोष्ट चालूच. माझे विद्यार्थी पुढे शिक्षक झाले आणि त्यांनीही ती सांगितली. कुणाकुणाला सांगितली असेल?

निवृत्त झाल्यावरही कुठेकुठे बोलवतात. गेल्या वर्षी गावोगावच्या आशाताईंसाठी नाशकात एक प्रशिक्षण होतं. मलेरियावर बोलायचं होतं. शेवटी सवयीने ती गोष्ट आलीच. पाड्याचं नावही मी घेतलं. हॉल हसला. चहाच्या वेळी एक आशाताई जवळ आली. पस्तिशीची, नीटनेटकी. नाव सुनंदा. म्हणाली, “मॅडम, ती माझी सासू.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. वाटलं, आता बोलेल काहीतरी. बोलायलाच हवं होतं. पण सुनंदा रागावली नव्हती. उलट खूश होती. सांगत होती की आजी — सासूला ती आजीच म्हणत होती — हीच गोष्ट पाड्यावरच्या पोरीबाळींना सांगतात, डॉक्टरचं ऐका, माझ्यासारखं करू नका म्हणून. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या आहेत, पंचवटीत नातेवाइकांकडे उतरल्या आहेत, तुम्ही आलात तर त्यांना फार आनंद होईल.

मी गेले. का गेले? सांगायला गेले होते, असं मी स्वतःला रिक्षात सांगत होते. भाजीबाजारामागच्या बोळात, वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली. भागी कॉटवर बसली होती, एका डोळ्याला पट्टी. उठली. डावा पाय फरशीवर तिरका पडत होता. दोन्ही हातांनी माझा हात धरला. रडत नव्हती. शांतपणे म्हणाली,

“बाई, तवा मी तुमचं ऐकलं नाय. तुम्ही आमच्यासाठी डोंगरात आल्या, आन मी पाण्याला गेले. लय मनात राहिलंय. मला माफ करा.”

सुनंदा चहा ओतत होती. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आणि म्हणाले,

“जाऊ दे भागीबाई. मी कधीच माफ केलंय.”

तिचा चेहरा उजळला. इतका, की मला खिडकीकडे बघावं लागलं.

नारू तोडला, खोटं बोलले, वर्गाला हसवलं — ते सगळं आहेच. पण मला आता सकाळी धड पेपर वाचू देत नाही, एका खोलीत पाच मिनिटं बसू देत नाही, ते हे एक वाक्य. जिचा पाय मी घालवला, तिला मी माफ केलं. तिने मागितलं आणि मी दिलं. माझ्याकडे देण्यासारखं ते कुठून आलं?

त्यानंतर दोनदा सुरगाण्याला जायचं ठरवून गाडी सांगितली, दोनदा नको म्हणून कळवलं. फोनवर सुनंदा भेटते. आजी बऱ्या आहेत, डोळ्याला चांगलं दिसतं म्हणते. मी तब्येत विचारते आणि ठेवते.

दिवाळीच्या आधी सुनंदाच्या हाती भागीने माझ्यासाठी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पाठवलं. स्वतः दळून आणलं होतं म्हणे, गिरणीपर्यंत चालत जाऊन. मी ते डब्यात भरलं. दुसऱ्या दिवशी भाकरी केल्या, आणि खाल्ल्या.