अमरावतीची मोटार आणि वरचं आभाळ

मोटारीवरच्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. चिखलासारखे ते आपोआप चाकाला चिकटतात! इंग्रजांच्या राज्यात मी बुऱ्हाणपूर-अमरावती मोटारीवर कंडक्टर होतो. सुपडूभाऊ ड्रायव्हर. दिवसभराचा कच्चा रस्ता, मध्ये मेळघाटाचं जंगल आणि डोक्यावर आभाळ. त्या आभाळानं आम्हांला काय काय दाखवलं!

*

भर उन्हाळा. एक कापडवाले शेठ बुऱ्हाणपूरच्या लालबागपासून भांडत होते, "मला खिडकी पाहिजे म्हणजे पाहिजे!" खिडकीतला म्हातारा हलेना. खकनारच्या पुढे वादळ आलं. धुळीत रस्ता दिसेना, म्हणून सुपडूभाऊनं गाडी थांबवली. तेवढ्यात फाडकन आवाज झाला आणि मोटारीचं कापडी टप उडून थेट पळसाच्या झाडावर! धूळ बसल्यावर सुपडूभाऊ मागे वळला.

"घ्या शेठ! आता समदी गाडीच खिडकी!"

*

गारपिटीच्या वेळी मोटारीत काशीबाई होत्या. लेकीच्या नव्या संसाराला पितळेची भांडी घेऊन निघालेल्या. लिंबाएवढ्या गारा टप फाडून आत यायला लागल्या. काशीबाईंनी पोतं सोडलं आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर पातेलं, गंज, परात ठेवली. मोटारभर टणटण, टणटण! माझ्या वाट्याला तपेली आली.

पुढे लेकीच्या सासूनं नाक मुरडलं, "विहीणबाई, भांड्यांना पोचे किती!"

काशीबाई म्हणाल्या, "एकेक पोचा म्हंजे वाचलेलं एकेक डोकं हाय. जपून घासा!"

*

पावसाळ्यात फाटकं टप गळायचं. मोटारीचे मालक रोज विचारायचे, "सुपडू, गाडी कशी आहे?"

"गाडी मजेत हाय मालक. मानसं वाळत घातलीत!"

*

एकदा घाट उतरलो आणि असं धुकं, असा पाऊस, की रस्त्याची कडाच दिसेना. एक मास्तर शूर निघाले. म्हणाले, "मी छत्री घेऊन पुढे चालतो. माझं पांढरं धोतर पाहून गाडी आणा." छान चाललं होतं. मग मोटार अचानक खडखडत झुडपात शिरली!

झुडपाआड बसलेले मास्तर धोतर सावरत कडाडले, "अरे, मागे घ्या! ही माझी खाजगी वाट आहे!"

*

आणि तुकईथडचं लग्न! नवरदेव बहादरपूरचा, वऱ्हाड आमच्या मोटारीत. गावाच्या अलीकडे वळवाच्या पावसानं नाल्याला पूर. पलीकडच्या काठावर नवरी, तिचे वडील, भटजी, सगळे उभे. मुहूर्त टळणार म्हणून नवरदेवाची आई रडायला लागली.

सुपडूभाऊ बॉनेटवर चढून ओरडला, "महाराज, म्हना मंगलाष्टकं!"

"अरे, पण अंतरपाट?" भटजी पलीकडून ओरडले.

"मंग हा नाला काय हाय? पानी उतरलं, का समजा अंतरपाट काढला!"

भटजी आधी हसले, मग खड्या आवाजात सुरू झाले. बँड नव्हता, म्हणून मी हॉर्न वाजवला. दोन्ही काठांवरून अक्षता पाण्यात पडल्या. दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. नवरदेवानं धोतर खोचलं, हार उचलला, एक पाय पाण्यात घातला आणि घाबरून मागे घेतला.

पलीकडून नवरीनं शालू वर खोचला आणि सगळ्यांदेखत पाण्यात उतरली.

"थांबा तिथंच!" ती ओरडली. "मीच येते तुम्हाले न्यायले!"