सोळा नंबरवरची हाक

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. पडला तो पावस गावासमोरच्या समुद्रात, इंजिन बंद पडलेल्या होडीत, बायको शेजारी बसलेली असताना. तिला पोहता येत नाही. मला येतं, पण विहिरीपुरतं.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं लेथ चालवलं. निवृत्तीनंतर हौसेने छोटी फायबरची होडी घेतली आणि मुलाच्या हट्टाखातर तिच्यात रेडिओ बसवला. सोळा नंबरच्या चॅनेलवर फक्त हाक मारायची, संकट सांगायचं. गप्पा मारायच्या तर दुसऱ्या चॅनेलवर जायचं, एवढं मी नीट शिकलो होतो. सोळा नंबर म्हणजे गाभारा, तिथे चपला घालून जायचं नाही, असं हिलाही ऐकवलं होतं. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची कारखान्यातली सवय, म्हणून रेडिओचीही यथासांग पूजा केली. हातात धरायच्या माइकला ओलं गंध लावलं, झेंडू वाहिला, वर मूठभर अक्षता. हात आखडता घेऊन पूजा करणाऱ्यांतला मी नव्हेच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भाट्याहून निघालो. पावसपर्यंत जाऊन परत फिरायचं होतं, पण दुपारी वारा वाढला आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. वारा आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होता, आणि तिथे वाळू नव्हती, काळं खडप होतं. त्या खडकांवर लाटा फुटताना स्पष्ट दिसत होत्या. नांगर टाकला, तो तळाला धरेना. फोनला रेंज नाही. माइक घेतला, बटण दाबून तीनदा 'मेडे' ही संकटाची हाक दिली, होडीचं नाव सांगितलं, दोघे आहोत, इंजिन बंद आहे म्हटलं. बटण सुटल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून बोट काढून कान लावला. काहीच नाही. साधी खरखरही नाही.

पुन्हा बोललो, पुन्हा थांबलो. आपण कुठे आहोत हे सांगायचंच राहिलं, हे भीतीपायी लक्षातही आलं नाही. खडप जवळ येत होतं आणि माझं डोकं फिरलं. माइक मांडीवर टाकून मी आभाळाकडे बघून ओरडलो, इतकी वर्षं एक संकष्टी चुकवली नाही, आणि आज तुझ्या कानात बोळे?

ही रडली नाही. माझा हात धरून किनाऱ्याकडे बघत म्हणाली, "अहो, ओरडू नका. ते पांढरं देऊळ बघा, डाव्या बाजूला दोन उंच माड. अगदी त्याच्या समोर आहोत आपण. त्याला माहीत आहे आपण कुठे आहोत ते."

मग तिने डोळे मिटून हात जोडले. मला तेही जमलं नाही. मी फक्त लाटा मोजत होतो.

लाटांचे तुषार अंगावर यायला लागले तेव्हा दक्षिणेकडून एक मच्छीमार होडी सरळ आमच्या रोखाने आली. त्यांनी दोर फेकला, मी तो बांधला. खडपापासून लांब आल्यावर त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आमच्या होडीत उतरला आणि काही न विचारता त्याने माइक उचलला. सुरीच्या टोकाने बटणाच्या फटीतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता. बटण टक्कन वर आलं आणि रेडिओतून चार-पाच आवाज एकदम उसळले. सगळे आमचीच चौकशी करत होते.

"काका, तुमचा बटान दाबलेलाच रवला व्हता," तो म्हणाला. "आमी कवाधरनं हाका मारताव, तुमाला आयकू कसा येल? काकीनी देवळाचा न् माडांचा सांगितला, म्हणून गावलाव."

असा एक माइक अडकला की सोळा नंबरवर दुसऱ्या कुणाला धड बोलता येत नाही, हेही त्याने सांगितलं. मी शरमेने मान खाली घातली. देवाशी झालेलं माझं भांडणही सगळ्यांनी ऐकलं असणार, पण भला माणूस, त्याचा त्याने उल्लेख केला नाही.

दसऱ्याची पूजा अजून करतो. माइकवर मात्र आधी फडकं घालतो. आणि रोज आरती झाली की थोडा वेळ गप्प बसतो. आयुष्यभर देवापुढे माझं मागणं अखंड चालू होतं, त्यात तिकडून कुणी काही म्हणालं असेल तर मला कुठून कळणार? त्या माणसांचे आणि त्यांना धाडणाऱ्याचे उपकार फिटायचे नाहीत. माझे शिकलेले शब्द सगळीकडे पोचले, पण आम्ही सापडलो ते हिच्या वाक्याने, आणि तिने तर मदत मागितलीच नव्हती.