सुखदेवची हाक

वर्ध्याहून समुद्रपूरची एसटी सुटली तेव्हा प्रभाकर खिडकीशी बसला होता. इंग्लंडमधल्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तो बंद पडला होता. समुद्रपूरला, आपल्या गावी राहायचं की परत जायचं, हे या फेरीत ठरायचं होतं. मी, त्याचा मित्र, मुंबईहून सोबतीला आलो होतो.

दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उभ्या होत्या. प्रभाकर कारखान्याबद्दल बोलत होता. तिथे कामगार एकमेकांना लाडाने 'डक' म्हणत, म्हणजे बदक. साठीच्या माणसालाही 'यूथ', म्हणजे पोरा.

"मलाही म्हणत. पण फाटकापर्यंतच. घरी कोणी बोलावलं नाही."

समुद्रपूरला त्याचा शाळासोबती सुखदेव होता. त्याने पूर्वीसारखं 'बे' (बरोबरीच्या माणसालाच लावतात) म्हटलं, तर प्रभाकर राहणार होता.

स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानात सुखदेव गिऱ्हाइकावर ओरडत होता, "अबे, ट्यूब हाय का चाळणी हाय हे?" आम्हाला पाहून तो उठला. "या जी, सायब." दुकानातली एकुलती खुर्ची त्याने पुसून प्रभाकरपुढे ठेवली.

"सुख्या, तू बस ना बे."

"नाई जी, बरा हाय मी."

"काऊन जी-जी करून राह्यला?"

"विलायतेहून आले तुमी. लोक काय म्हनतीन मले?"

प्रभाकर खुर्ची सोडून जमिनीवर, टायरांजवळ बसला. सुखदेव धावत शेजारून सतरंजी घेऊन आला आणि त्याच्याखाली अंथरली. दुपारी त्याच्या घरी भाकर आणि वांग्याची भाजी होती. आम्हाला वाढून तो मागाहून जेवला.

जेवणानंतर प्रभाकरने त्याला 'डक'ची गोष्ट सांगितली.

"मानसाले बदक? अन् राग नाई येत?" सुखदेव खो खो हसला. पाठीत थाप मारायला त्याने हात उचलला आणि तसाच मागे घेतला. "शर्टाले ग्रीस लागन जी."

परतीची बस लागली. सुखदेवने प्रभाकरची बॅग डोक्यावर घेतली; ओढाताण करूनही दिली नाही. आम्ही चढत असतानाच बस हलली.

"अबे, थांब ना बे!"

पायरीवरून प्रभाकर झटकन वळला. सुखदेव त्याच्याकडे पाहत नव्हता. तो ड्रायव्हरच्या खिडकीवर थापा मारत होता. "सायब चढून राह्यले, दिसत नाई का?"

वर्ध्याला उतरून आम्ही रेल्वे स्टेशन गाठलं. प्रभाकरने मुंबईचं तिकीट काढलं. तिथून तो इंग्लंडला परत जाणार होता. त्याला बदक म्हणणारेही आता तिथे उरले नव्हते.